बिअर, घरगुती

विक्रीसाठी नव्हे, तर कुटुंबाच्या वापरासाठी सातूच्या (बार्लीच्या) माल्टपासून घरीच किण्वनाने (आंबवण्याच्या क्रियेने) तयार केलेली बिअर. बिअर करणे हा मूलतः घरकामाचाच एक भाग होता. पुढे ते काम कारखान्यांकडे गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवशिक्यांसाठीच्या तयार संचाच्या रूपाने घरी परतले. या स्थित्यंतरात किण्वनाचे तत्त्व बदलले नाही. करपद्धती, कायदा व ज्ञानाची सुलभता यांनी त्याची दिशा ठरविली. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ग्रेट ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील इतिहास दिला आहे.

प्रारंभ : मेसोपोटेमियात बिअर हे नित्याचे पेय होते. सुमेरियन लोकांनी तिची अधिष्ठात्री म्हणून निंकासी ही देवता मानली होती व तिचे इ. स. पू. सु. १८०० मधील स्तोत्र उपलब्ध आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही बिअर करणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम होते. घरच्या गरजेपेक्षा अधिक झालेले पेय त्या शेजारीपाजारी विकीत. पंधराव्या शतकात हॉप या वेलीच्या फुलांचा वापर यूरोप खंडातून इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागला. हॉपमुळे बिअर अधिक काळ टिकू लागली. टिकणारा माल मोठ्या प्रमाणावर तयार करून दूरवर विकता येतो. त्यामुळे भांडवल असलेल्या व्यावसायिकांचा लाभ झाला आणि हा व्यवसाय हळूहळू स्त्रियांच्या हातून निसटला.

कर व परवाना : इंग्लंडमध्ये १६९७ पासून माल्टवर कर होता. तो घरगुती बिअरच्या माल्टवरही पडे. परंतु घरातील भांड्याशी सरकारचा थेट संबंध येत नसे. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून त्याऐवजी बिअरवर कर बसविला. आता कर कच्च्या मालावर नसून तयार होणाऱ्या द्रवावर असल्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पडले. कारखान्यांची बिअर सर्वत्र मिळू लागली होतीच. परवान्याच्या अटीने घरगुती परंपरा आणखी क्षीण झाली. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली.

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून राष्ट्रव्यापी दारूबंदी अमलात आली. बिअरचे अनेक कारखाने बंद पडले. काहींनी माल्टचा दाट अर्क डब्यांत भरून विकण्यास सुरुवात केली. पाव-बिस्किटांत वापरावयाचा पदार्थ म्हणून तो कायदेशीर होता. प्रत्यक्षात त्यातील बराचसा घरोघरी बिअरसाठी वापरला जाई. म्हणजे पुढील काळातील संचाचा मुख्य घटक दारूबंदीच्याच काळात घराघरांत पोहोचला. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. त्यानंतर घरगुती द्राक्षमद्याला करमुक्त मुभा मिळाली. घरगुती बिअरला मात्र ती मिळाली नाही.

संच व प्रक्रिया : नवशिक्यांच्या संचात सामान्यतः सु. २३ लि. द्रव मावेल असे झाकणाचे भांडे, वायू बाहेर जाऊ देणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप, उपसनळी, घनतामापक, हॉपयुक्त माल्ट अर्काचा डबा व शुष्क यीस्टची पुडी असते. माल्ट करताना सातूला मोड आणून वाळवितात. त्यातील एंझाइमांमुळे पुढे स्टार्चाची शर्करा बनते. अर्कामध्ये ही पायरी आधीच पूर्ण झालेली असल्याने नवशिक्याचे सर्वांत अवघड काम वाचते. अर्क पाण्यात मिसळून सु. १८° ते २०° से. तापमानास त्यात यीस्ट घालतात. यीस्ट शर्करेपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १·०४० वरून १·०१० वर आले, तर अल्कोहॉलाचे प्रमाण सु. ४% होते. किण्वन पुरे होण्यापूर्वी बाटल्या भरल्यास किंवा त्या वेळी साखर जास्त घातल्यास वायूच्या दाबाने बाटल्या फुटतात. भांडी निर्जंतुक नसतील, तर बिअर आंबट होते.

या दक्षतेमागे एकोणिसाव्या शतकातील विज्ञान आहे. लूई पाश्चर यांनी १८७६ मधील बिअरविषयक ग्रंथात सूक्ष्मजंतूंमुळे ती कशी बिघडते हे दाखविले. एमिल क्रिस्त्यान हान्सेन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले. कारखान्यांना बलवान करणारे हेच ज्ञान पुढे यीस्टच्या पुडीतून घरी पोहोचले.

पुनरुज्जीवन : ब्रिटनमध्ये परवान्याची अट गेल्यावर सोप्या भाषेतील मार्गदर्शक पुस्तके व संच यांचा झपाट्याने प्रसार झाला. अमेरिकी नौदलातील जॅक मॅकऑलिफ हे स्कॉटलंडमध्ये असताना घरी बिअर करण्यास शिकले व त्यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू ॲल्बियन हा छोटा कारखाना काढला. तो १९८२ मध्ये बंद पडला, तरी अनेकांना त्याने वाट दाखविली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाच्या कुटुंबास वर्षाला १०० व दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर करमुक्त करण्याची मुभा मिळाली. ऊर्ध्वपातनाने दारू गाळण्यास ती नव्हती. घटक राज्यांना स्वतंत्र निर्बंध ठेवता येत असल्याने मिसिसिपी व ॲलाबामा येथे ही मुभा २०१३ मध्येच मिळाली.

त्या काळी अमेरिकेत बिअर करणाऱ्या कंपन्या शंभराहून कमी उरल्या होत्या व बहुतेकींचे पेय एकाच धाटणीचे होते. पुढील लहान कारखान्यांचे अनेक संस्थापक घरगुती बिअर करणाऱ्यांतूनच आले. २०२३ मध्ये कारखान्यांची संख्या ९,००० हून अधिक होती. कारखान्याने घरापासून घेतलेली विद्या अशा प्रकारे घरातून पुन्हा कारखान्याकडे गेली. तथापि ही मुभा सर्वत्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय घरीही बिअर तयार करता येत नाही.