क्लच प्लेटचं कूळ

नाहूरला लोकल थांबू लागली २००६ साली. त्याआधी भांडुप सुटलं की थेट मुलुंड. आज स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून लाल बहादूर शास्त्री मार्गाकडे निघालं, की गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि मेट्रोचं काम यांच्या कचाट्यात सापडलेल्या बाइकांची रांग दिसते. चालवणारा क्लच ना पूर्ण दाबतो, ना पूर्ण सोडतो. अशा हाफ क्लचमध्ये तासन्‌तास चालणाऱ्या गाडीच्या क्लच प्लेटा झिजणारच. मग गॅरेजात ठरलेली तक्रार येते: अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण गाडी उचलत नाही. चढावर तर मुळीच नाही.

या तक्रारीचा मागोवा घ्यायला फार लांब जावं लागत नाही. क्लच, त्यावरचं लाइनिंग आणि त्याला भिजवणारं तेल, या तिन्हींचं मुंबईतलं घराणं याच पूर्व उपनगरांत आहे.

लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत या रस्त्याने देशाची गाडी घडवली. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो, भांडुपला सिएटचे टायर. आणि भांडुपलाच ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय. १९४९ साली ब्रिटनच्या रूट्स समूहाने काढलेली ही कंपनी पुढे मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्या समूहाकडे गेली. चेपॉकच्या क्रिकेट मैदानाला ज्यांचं नाव आहे, तेच हे चिदंबरम. कंपनी लोकांच्या लक्षात राहिली ती लॅम्ब्रेटामुळे. मिलानच्या इनोसेंटीच्या परवान्यावर तिने आधी सुटे भाग जोडून आणि मग इथेच घडवून स्कूटरी विकल्या. पण तिचा दुसरा धंदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बोर्ग अँड बेक पद्धतीचे क्लच आणि लॉकहीड पद्धतीचे ब्रेक ही तिची उत्पादनं होती. म्हणजे नाहूरच्या शेजारच्या स्टेशनावर गाडीचा क्लच नुसता दुरुस्त होत नव्हता, बनत होता.

त्या लॅम्ब्रेटाचा क्लच उघडून पाहण्यासारखा आहे. डाव्या अंगाला साखळीचं घर, त्यात मागच्या बाजूला क्लच. एलआय मॉडेलात बुचाचं अस्तर असलेल्या चार प्लेटा, त्यांच्यामध्ये पोलादी प्लेटा आणि सगळ्यांना घट्ट दाबून धरणाऱ्या पाच स्प्रिंगा. हो, बूचच. पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओक झाडाची साल. बूच तेलात भिजलं तरी पोलादाला धरून ठेवतं, म्हणून जुन्या ओल्या क्लचमध्ये तेच चाले. सगळा संच तेलात बुडालेला असे आणि ते तेल इंजिनचं नसे. टू-स्ट्रोक इंजिनचं तेल पेट्रोलात मिसळून जळून जायचं. साखळी, गिअर आणि क्लचसाठी वेगळं नव्वद नंबरचं गिअर ऑइल होतं. बजाजच्या स्कूटरीतही हीच वाटणी, फक्त तिथे व्हेस्पाच्या रीतीने तीस नंबरचं तेल आणि तेही पाव लिटरच. बुलेटचं इंजिन फोर-स्ट्रोक, तरी तिच्या क्लचच्या साखळीचं घर आणि त्यातलं तेल कित्येक दशकं वेगळंच राहिलं. त्यामुळे त्या काळी चुकीच्या तेलाने क्लच घसरला, तर दोष शोधायला एकच जागा होती.

क्लचच्या तेलाकडून आपण दोन उलटी कामं मागतो. प्लेटा एकमेकींवर घासताना तापतात, ती उष्णता त्याने वाहून न्यायची. पण क्लच सोडल्यावर प्लेटा एकमेकींना चिकटल्या पाहिजेत, तेव्हा त्यांच्यामध्ये त्याने निसरडा थर धरायचा नाही. जुने लॅम्ब्रेटावाले साधं नव्वद मागतात आणि ट्रकच्या डिफरन्शियलसाठी बनलेलं ईपी, म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, नव्वद टाळतात, ते याचसाठी. ईपी तेलातली गंधक-फॉस्फरसची रसायनं गिअरच्या दातांवरच्या प्रचंड दाबासाठी असतात, बुचाच्या प्लेटांसाठी नव्हेत.

तेलाचा धागा चेंबूरकडे जातो. १९५४ साली ट्रॉम्बेला स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली, १९५५ साली माहुलला बर्मा-शेलची. आज पहिली हिंदुस्तान पेट्रोलियमकडे आहे, दुसरी भारत पेट्रोलियमकडे. १९६९ साली ट्रॉम्बेलाच ल्यूब इंडिया उभी राहिली, ती खास वंगणाचं मूळ तेल काढण्यासाठी. भांडुपचा क्लच आणि ट्रॉम्बेचं तेल यांत एका उपनगरी फेरीचंच अंतर.

लाइनिंगचा धागा मात्र दुखरा आहे. घाटकोपरची हिंदुस्तान फेरोडो ही ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूअल या अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीची. ब्रेकची लाइनिंग आणि कोरड्या क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर तिथे बने. हे अस्तर अ‍ॅस्बेस्टॉसचं. उष्णतेला टिकणारं, स्वस्त, आणि त्याची धूळ श्वासात गेली की फुप्फुसं निकामी करणारं. तिथे काम केलेल्या माणसांना अ‍ॅस्बेस्टॉसिस झाल्याचं पुढे वैद्यकीय तपासण्यांतून समोर आलं आणि भरपाईसाठी त्यांना झगडावं लागलं. घर्षणाची किंमत या माणसांनी श्वासाने मोजली. क्लचचा इतिहास लिहिताना हे वगळलं तर तो इतिहास अर्धा राहील. आजच्या बाइकच्या फायबर प्लेटांवर राळ मुरवलेल्या कागदासारखं अस्तर असतं. त्यात सेल्युलोज आणि अ‍ॅरामिडचे धागे असतात.

खरं वळण आलं १९८५ साली, हीरो होंडाच्या सीडी १०० बरोबर. या छोट्या फोर-स्ट्रोक गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात, आणि ते तेल जेमतेम लिटरभर. पुढे पल्सर आली, बुलेटचं इंजिनही एकसंध झालं, आणि ही पद्धत सगळीकडची झाली. पिस्टनसाठी तेल जितकं निसरडं तितकं बरं. क्लचसाठी तसं नाही. नव्वदच्या दशकात मोटारींच्या तेलात इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी मॉलिब्डेनमसारखी द्रव्यं येऊ लागली, तेव्हा हा ताण उघडा पडला. मोटारीला ते तेल मानवलं, बाइकचे क्लच घसरू लागले. जपानच्या वाहन-मानक संस्थेने, जासोने, १९९८ साली टी ९०३ हे खास दुचाकींच्या तेलाचं मानक काढलं. त्यात ओल्या क्लचचं घर्षण प्रत्यक्ष मोजतात. जास्त पकड देणारं तेल एमए, कमी पकड देणारं एमबी. २००६ साली एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ची पकड वरची.

डब्यावर एपीआय एसएल, एसएन असंही लिहिलेलं असतं. ते एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, भांडुपच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही. आणि क्लचबद्दल ते काही सांगत नाही. क्लचसाठी जासोची ओळच वाचायची. अनेक घरांत एक बाइक आणि एक गिअरलेस स्कूटर असते. स्कूटरचा क्लच कोरडा, तेलापासून दूर, म्हणून तिला एमबी चालतं. तोच उरलेला डबा बाइकमध्ये ओतला की तक्रार सुरू. पातळ ग्रेडच्या मोटारीच्या तेलावर गोल चिन्हात खाली ऊर्जा किंवा संसाधन वाचवणारं असं लिहिलं असेल, तर तेही बाइकसाठी नको. जाडी कंपनीच्या पुस्तकात असेल तीच: हीरोच्या बहुतेक गाड्यांना १०डब्ल्यू-३०, बऱ्याच पल्सरना २०डब्ल्यू-५०, एकसंध इंजिनच्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. जाड तेल घातल्याने घसरणारा क्लच सुधारत नाही.

चांगला मिस्त्री कव्हर लगेच उघडत नाही. आधी लिव्हरचा फ्री प्ले बघतो. बहुतेक गाड्यांत टोकाशी १० ते २० मिलिमीटर हवा. केबल ताठ असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि नव्या प्लेटाही जळतात. मग तेल कोणतं घातलंय ते विचारतो. चुकीचं असेल तर काढून योग्य एमए२ भरतो आणि गाडी थोडी चालवायला देतो. प्लेटा जळलेल्या नसतील तर कधी कधी एवढ्याने भागतं. नाही भागलं तरच कव्हर उघडायचं. फायबर प्लेटांची जाडी मोजायची, पोलादी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का पाहायचं, निळ्या पडल्या असतील तर बदलायच्या. स्प्रिंगांची लांबीही मापायची, कारण प्लेटा नव्या आणि स्प्रिंगा थकलेल्या असतील तर काम पुन्हा येतं. नव्या फायबर प्लेटा बसवण्याआधी काही तास त्याच तेलात भिजत ठेवायच्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच सिग्नलला करपतात. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे.

भांडुपची कंपनी २००२नंतर चालू राहिली नाही. तिचा औरंगाबादचा कारखाना शेवटी बंद झाला. तिच्या लॅम्ब्रेटा मात्र अजून हौशी लोकांकडे रस्त्यावर आहेत. त्यांना जासोचा डबा लागत नाही, साधं नव्वदच लागतं.