पीपल्स हिस्टरी म्यूझियम, मँचेस्टर

लोकशाहीचा लढा व श्रमिकांचे जीवन यांना वाहिलेले इंग्लंडमधील राष्ट्रीय संग्रहालय. मँचेस्टरच्या स्पिनिंगफील्ड्स भागात इरवेल नदीकाठी ते वसले आहे. मताचा अधिकार राज्यकर्त्यांनी आपणहून दिला नाही, तो कष्टकऱ्यांनी लढून मिळवला, हे येथील दालनांचे मध्यवर्ती सूत्र होय.

संग्रहालयाची सुरुवात लंडनमध्ये झाली. १९७५ साली लाइमहाउस टाउन हॉलमध्ये उघडलेले कामगार इतिहासाचे संग्रहालय १९८६ मध्ये बंद पडले. पुढे हा संग्रह मँचेस्टरला आला व १९९० मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये मांडला गेला. ब्रिटिश कामगार संघटनांची पहिली काँग्रेस १८६८ साली याच वास्तूत भरली होती. १९९४ पासून दालने आजच्या जागी आहेत. ही इमारत पूर्वी पंपगृह होती. येथून नळांद्वारे खेळवलेल्या उच्चदाबाच्या पाण्यावर कापसाचे गठ्ठे बांधणारी यंत्रे व गोदामांतील लिफ्ट चालत. १९७२ मध्ये हे काम थांबले. २०१० साली जुन्या इमारतीला गंजरंगी पोलादाच्या आवरणाची नवी इमारत जोडण्यात आली.

कथनाचा आरंभ पीटरलूच्या हत्याकांडापासून होतो. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर प्रतिनिधित्वाची मागणी करण्यासाठी जमलेल्या सुमारे ६०,००० निःशस्त्र लोकांवर घोडदळ सोडण्यात आले. त्यात अठरा जणांचा बळी गेला आणि शेकडो जखमी झाले. पुढे कामगारांच्या मताधिकारासाठीची चार्टिस्ट चळवळ, सहकारी चळवळ, कामगार संघटना व स्त्रियांचा मताधिकार लढा असा क्रम लागतो. १९१८ मध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांच्या बरोबरीने ते मिळायला १९२८ उजाडले.

मिरवणुकीत मिरवलेले बॅनर हे या संग्रहाचे खरे वैभव. असे चारशेहून अधिक बॅनर येथे आहेत. लिव्हरपूलच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिरांचा १८२१ चा बॅनर त्यांत विशेष जुना आहे. कित्येक बॅनर रेशमी व रंगवलेले असून त्यांवर व्यवसायाची चिन्हे, हस्तांदोलन करणारे हात, आजारी सभासदाला मदत करणारे सोबती अशी चित्रे दिसतात. ज्यांच्या घरात रेशीम शिरणे कठीण, त्यांनी वर्गणी काढून संघटनेसाठी ते घेतले, यावरून त्यांचा स्वाभिमान कळतो. विरू लागलेल्या कापडावर तज्ज्ञ संवर्धक करत असलेले काम प्रेक्षकांना काचेतून पाहता येते.

अभ्यासकांसाठी येथे लेबर पार्टी व ग्रेट ब्रिटनचा कम्युनिस्ट पक्ष यांची दप्तरे जतन केली आहेत. मुंबईत जन्मलेले व ब्रिटिश संसदेवर निवडून गेलेले शापुरजी सकलातवाला (१८७४–१९३६) याच कम्युनिस्ट पक्षाचे होते. टाटांच्या व्यवसायासाठी १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचे पहिले ठिकाण मँचेस्टरच होते.

संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. देणगी ऐच्छिक आहे. पीटरलूतील मृतांची नावे कोरलेले २०१९ चे स्मारक येथून पायी जाण्याजोगे आहे. दालने पाहून तेथे जावे, म्हणजे ती नावे ओळखीची वाटतात.