माणदेश आणि टेक्सास : दोन दुष्काळ, दोन कादंबऱ्या

‘वेस्टर्न’ म्हटले की आपल्याला इंग्रजी सिनेमा आठवतो. घोडा, पिस्तूल, धुळीचा रस्ता आणि शेवटी गोळीबार. पण अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एल्मर केल्टन (१९२६-२००९) नावाचे कादंबरीकार होऊन गेले. वडील गुरांच्या मोठ्या रँचवर कारभारी. केल्टन तिथेच वाढले, पण घोड्यावर त्यांची मांड काही नीट बसली नाही. पुढे ते शेती आणि पशुपालनाच्या बातम्या देणारे पत्रकार झाले आणि कादंबऱ्या लिहू लागले. अमेरिकेतल्या वेस्टर्न लेखकांच्या संघटनेने त्यांना सर्वश्रेष्ठ वेस्टर्न लेखक ठरवले.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीत मुख्य वैरी दरोडेखोर नाही, न पडणारा पाऊस आहे. ‘द टाइम इट नेव्हर रेन्ड’ (१९७३) ही टेक्सासच्या १९५० च्या दशकातल्या लांबलेल्या दुष्काळाची गोष्ट. चार्ली फ्लॅग हा उतारवयाचा पशुपालक सरकारी मदत नाकारतो आणि जागा सोडत नाही. अखेर पाऊस येतो तो गारठवणारा. नुकतीच लोकर कातरलेल्या त्याच्या शेळ्या त्यात मरतात.

तिकडे हा दुष्काळ चालू असतानाच, १९५५ साली, इकडे ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली. व्यंकटेश माडगूळकर केल्टन यांच्याहून एका वर्षाने धाकटे. जन्म १९२७, गाव आटपाडीजवळचे माडगूळ. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता, आज सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीची आटपाडी, सोलापूरचे सांगोले मिळून हा माणदेश. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि इथे वारा तेवढा येतो. पीक बेभरवशाचे, म्हणून मेंढरे. माडगूळकर १९४२ च्या चळवळीत शाळा सोडून गेले, खेड्यात मास्तरकी केली, पुढे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम सांभाळले. केल्टन यांच्यासारखेच पोटापाण्याचे काम आणि लेखन दोन्ही एकाच मातीतले.

‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. शाळा भरू लागते, सगळे मिळून तालीम बांधतात. मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे उरलेली जित्राबे घेऊन बाहेर पडतात, वाडी ओस होते. चार्ली फ्लॅग एकटा टिकून राहतो, कारण जमीन त्याच्या मालकीची आहे. इथे सगळी वाडीच उठते, कारण मेंढरू जगले तर माणूस जगणार. दुष्काळाशी झुंजण्याच्या या दोन रीती. घर सोडणे ही हार नसते, हे माडगूळकरांनी दाखवले.

सरकारी दप्तरात दुष्काळाची पैसेवारी सापडते. कुलूप लावताना घरधनिणीने मागे वळून पाहिले की नाही, हे तिथे सापडत नाही. ते कादंबरीकाराने जपले.

आता टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडीच्या शिवारात आले आहे. डाळिंबाच्या बागा दिसतात. चांगलेच झाले, दुष्काळाचे कौतुक ज्याने तो भोगला नाही त्यानेच करावे. पण बागेत वाढणाऱ्या नातवाला आजोबा मेंढरांमागे कुठवर गेले होते, हे ठाऊक असते का? शाळेतल्या पोरांनी ‘बनगरवाडी’ घरी न्यावी, म्हाताऱ्यांना वाचून दाखवावी आणि विचारावे : आपण कोणत्या साली गाव सोडले, कोणत्या वाटेने, परत किती मेंढरे आणली? सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.