चिंचोक्यांचा बाजार आणि साडेबारा टक्के



गेल्या मे महिन्यात मुलीची मुलं करंजाड्याला राहायला आली होती. थोरला नातू एमबीए करतो. जेवताना सांगत होता, "आजी, आम्हाला धंद्याची किंमत काढायला वर्गात खेळ खेळवतात. खोट्या कंपन्या, खोटे पैसे. कोणी विकणारा, कोणी घेणारा. शेवटी कळतं कोण बुडालं ते!"

"पण किंमत काढता कशी रे?"

"धंदा पुढे किती कमावणार ते बघायचं. आणि पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी धरायचा. बस्स."

माझा घास हातातच राहिला. हाच प्रश्न सुमारे तीस वर्षांपूर्वी एका पालकाने मला विचारला होता. तेव्हा मी दिलेलं उत्तर चुकलं. ते सांगतेच, पण आधी थोडा इतिहास. सवय जात नाही हो!

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची, नवी मुंबई वसवायची. त्यासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भाताची खाचरं, मिठागरं, सगळंच त्यात आलं. कायदा होता इंग्रजांचा, १८९४ चा. त्याचं गणित असं: अधिसूचना निघाली त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा. वर सक्तीने घेतली म्हणून १५ टक्के दिलासा रक्कम. (१९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली.) पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. ज्या कामासाठी जमीन घेतली, त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ मोजायची नाही!

म्हणजे बघा, इथे शहर होणार म्हणून जमीन घ्यायची आणि शहर होणार हे किंमत काढताना विसरायचं. नातवाच्या भाषेत सांगायचं तर पुढची कमाई हिशेबातूनच वजा.

शेतकऱ्याला हे कलम ठाऊक नसेल, पण अन्याय कळत होता. जासईचे दि. बा. पाटील पुढे झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरच्या परिसरात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले. मी तेव्हा शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात 'कायद्याचे राज्य' हा धडा घ्यायचा होता. तो मी घेतला नाही, मुलांना गोष्ट सांगितली.

या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. १९९० आणि १९९४ चे शासन निर्णय तिचा पाया. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातूनही सामाजिक सोयींसाठी ३० टक्के कापून हातात येणार पावणेनऊ टक्के. एक एकर, म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर जमीन गेली असेल, तर ३५४ मीटरचा भूखंड. दीड चटईक्षेत्राने त्यावर ५३१ मीटर बांधकाम, म्हणजे अंदाजे ५७०० चौरस फूट. आमच्या करंजाड्यातल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत.

पण कागद हातात येणं आणि भूखंड हातात येणं यात वर्षं जात. मधल्या काळात दारात बिल्डरचा माणूस येई. "कागद द्या, आज रोख घ्या."

असाच एक पालक माझ्याकडे आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. विकू का थांबू?" मला आकडेमोड येत नव्हती. पण म्हण येत होती. म्हटलं, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका." त्यांनी विकला. काही वर्षांनी तिथे चार मजली इमारत झाली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, उलट नातवाच्या बारशाला बोलावलं. तेच जास्त बोचतं.

असो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबाभर चिंचोके काढले. आमची तीन आणि इमारतीतली पाच अशी आठ मुलं जमली.

आधी सोपा प्रश्न. "हे खाचर वर्षाला दहा चिंचोके देतं. खाचराची किंमत किती?" कोणी पन्नास म्हणालं, कोणी हजार. थोरल्याने समजावलं, बँक शंभरावर दहा व्याज देत असेल, तर खाचर शंभराचं. मग मी कागद वाटले. "यावर भूखंड मिळेल. त्याची किंमत शंभर चिंचोके. पण पाच वर्षांनी. आज कितीला विकाल?" दहा टक्क्यांनी उलटा हिशेब केला, बासष्ट आले. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता खेळ. एक फेरी म्हणजे एक वर्ष. दर फेरीला चिठ्ठी उचलायची. काहींवर 'पुढच्या वर्षी या', काहींवर 'घरात आजारपण, वीस चिंचोके भरा'. प्रत्येकाकडे सुरुवातीला फक्त पंधरा चिंचोके. थोरला झाला व्यापारी. त्याच्याकडे भरलेला डबा, आणि त्याला चिठ्ठी उचलायची नाही.

तिसऱ्या फेरीपर्यंत चार कागद व्यापाऱ्याकडे गेले. भाव काय? तीस, अठ्ठावीस, एक तर पंचवीसला! हिशेबाने तिसऱ्या वर्षी कागद बासष्टच्याही वर जायला हवा होता. वहीत आकडा बरोबर, हातात मात्र निम्मेसुद्धा नाहीत.

पंचवीसला विकणारी सहावीतली मुलगी रडकुंडीला आली. म्हणाली, "आजी, माझं गणित बरोबर होतं. पण माझ्याकडे थांबायला चिंचोकेच नव्हते."

मंडळी, हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. किंमत गणिताने निघते, पण सौदा होतो तो कोण किती थांबू शकतो त्यावर.

दुसऱ्या डावात मुलांनीच शक्कल काढली. सगळ्यांनी पाच-पाच चिंचोके एका वाटीत टाकले. ज्याला खर्चाची चिठ्ठी येईल त्याने वाटीतून उचलायचे, मग फेडायचे. चक्क भिशी! त्या डावात एकच कागद विकला गेला, तोही चौपन्नला. व्यापारी नातू वैतागला.

२०१३-१४ मध्ये विमानतळासाठी पॅकेज ठरलं, तेव्हा साडेबाराचे साडेबावीस टक्के झाले. आधीच्या पिढीच्या लढ्याची ती पुण्याई. १८९४ चा कायदाही १ जानेवारी २०१४ पासून गेला, नवा आला. २५ डिसेंबर २०२५ पासून इथून प्रवासी विमानं उडू लागली. आता पुन्हा दारोदारी कागद आणि रोख घेऊन माणसं फिरतात.

म्हणून शाळेत काम करणाऱ्या माझ्या भाच्यांना आणि इथल्या शिक्षक मित्रांना एकच सांगणं. आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या धड्यानंतर एक तास चिंचोक्यांना द्या. आणि दुसरा डाव खेळल्याशिवाय घंटा वाजवू नका.

ते पालक आता नाहीत. त्यांची नात याच गावात शिक्षिका आहे. चिंचोक्यांचा डबा मी तिला देऊन टाकला. कशासाठी, ते मात्र अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा कळेल.