गव्हाविना भाकरी, गव्हाविना ब्रेड
'ग्लुटेनमुक्त' आहाराचा खर्च घरच्या घरी कसा आटोक्यात ठेवावा

यवतमाळ : पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळमध्ये एके काळी कपाशीच्या बरोबरीने ज्वारी डोलत असे. घरोघरी सकाळ-संध्याकाळ भाकरीच थापली जाई आणि गव्हाची पोळी सणावारी किंवा पाहुणे आले तरच ताटात दिसे. आज हे चित्र उलटले आहे. पोळी रोजची झाली असून भाकरी हौसेची ठरू लागली आहे. मात्र काही कुटुंबांवर या प्रवासात मागे फिरण्याची वेळ येते, आणि ती हौसेपोटी नव्हे, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून. घरातल्या एखाद्या मुलाला 'सिलिअ‍ॅक' हा आजार असल्याचे निदान होते आणि गहू त्या घरातून कायमचा हद्दपार करावा लागतो.

अशा वेळी पहिला प्रश्न औषधाचा नसतो, कारण या आजारावर अन्न हेच औषध आहे. प्रश्न असतो तो खर्चाचा. 'ग्लुटेन फ्री' अशी मोहोर असलेला ब्रेड, बिस्किटे आणि पीठ साध्या मालाच्या कित्येक पट महाग असते. ते बहुधा मोठ्या शहरांतच मिळते आणि आयुष्यभर लागते. पावसावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला हा भार पेलणारा नाही. सुदैवाने तो पेलण्याची गरजही नाही.

आजार काय आहे?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो ताण आणि लवचीकपणा येतो, तो याच प्रथिनामुळे. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा ग्लुटेन पोटात गेल्यावर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याच्या आतील बाजूस अन्नरस शोषून घेणारे बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही.

सततचे जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची, लोहाच्या गोळ्या देऊनही न हटणारा रक्तक्षय ही त्याची नेहमीची लक्षणे. कुपोषणाची लक्षणेही अशीच असल्याने हा आजार सहज नजरेतून सुटतो. काही प्रौढांत तर पोटाची तक्रारच नसते. केवळ थकवा किंवा हाडांचा ठिसूळपणा एवढ्यावरच तो दडून राहतो.

ब्रिटिश डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले होते. पण त्याचे मूळ गव्हात आहे, हे उमगण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. विलेम डिके हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ या निष्कर्षापर्यंत पोहोचले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात ब्रेडचा दुष्काळ पडला, तेव्हा ही बालके सुधारली आणि ब्रेड परत येताच पुन्हा आजारी पडली, असे त्यांना आढळले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गहू वर्ज्य करणे हा उपचार रूढ झाला.

भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेकडील राज्यांत अधिक आढळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतातील त्याचे प्रमाण १.२३ टक्के, तर दक्षिणेत अवघे ०.१० टक्के आढळले होते. उत्तरेत १०० जणांमागे एकाहून अधिक, तर दक्षिणेत १००० जणांमागे एक असा हा फरक आहे.

आधी तपासणी, मग पथ्य

या ठिकाणी एक चूक सर्रास होते. गव्हाने त्रास होतो असा संशय आला, की लोक आधी गहू सोडतात आणि नंतर तपासणीला जातात. गहू बंद झाल्यावर रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात, आतडेही सुधारू लागते आणि तपासणीत काहीच सापडत नाही. म्हणून नेहमीचा आहार चालू असतानाच रक्ताची 'टीटीजी' चाचणी आणि गरज भासल्यास दुर्बिणीद्वारे आतड्याचा तुकडा तपासून घ्यावा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी बालरोग किंवा औषधवैद्यक विभागात याची चौकशी करता येते. हा आजार आनुवंशिक कल असलेल्यांनाच होतो. त्यामुळे एकाला निदान झाले, की आई-वडील व भावंडांचीही तपासणी करावी.

निदान पक्के झाल्यावर पथ्य मात्र आयुष्यभराचे. 'थोडेसे चालते' ही समजूत या आजारात लागू पडत नाही. दुसरीकडे, ज्याला हा आजार वा गव्हाची अ‍ॅलर्जी नाही, त्याने केवळ वजन कमी करण्यासाठी महागडे ग्लुटेनमुक्त पदार्थ विकत घेण्याचे कारण नाही.

उत्तर शेतातच

ज्वारीत ग्लुटेन नसते. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये ज्वारीचे पदार्थ सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना देऊन ते सुरक्षित असल्याचे दाखवून दिले. बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, भगर, राजगिरा, शिंगाडा आणि सर्व डाळीही ग्लुटेनविरहित आहेत. मराठी घरातील उपासाचा डबा उघडला, तर साबुदाणा, भगर आणि राजगिरा हे सारे पथ्याचे पदार्थ त्यात आधीच हजर असतात.

वऱ्हाडात तर ज्वारीचे पदार्थ भाकरीपुरते मर्यादित नाहीत. कण्या, आंबील, लाह्या, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले धापोडे आणि हिवाळ्यातला हुरडा ही सगळी ज्वारीचीच रूपे. उकडपेंडीही ज्वारीच्या पिठाची करता येते. रोडगे, पानगे, शेवया आणि कुरडया मात्र गव्हाच्या असल्याने वर्ज्य.

यवतमाळचा ज्वारीशी आणखी एक संबंध आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण 'सीएसएच-१' १९६४ मध्ये प्रसारित झाले आणि नाईकांच्याच कारकिर्दीत 'हायब्रीड' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. पुढे सोयाबीनने नगदी पैसा दिला. पावसात काळी पडणारी कणसे, पाखरे व रानडुकरांचा उपद्रव आणि मजुरीचा खर्च यांमुळे ज्वारीचा पेरा आक्रसत गेला. रेशनवर मिळालेल्या गव्हानेही सवय बदलली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारीची पुन्हा आठवण निघाली. संकरित ज्वारीचा आधारभूत दर २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ३३७१ रुपये होता. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती किलोमागे सुमारे ३४ रुपये. किरकोळ भाव त्याहून अधिक असला, तरी ग्लुटेनमुक्त पिठाच्या पाकिटाच्या तुलनेत तो नगण्यच.

भाकरी का मोडते?

ज्यांची सवय सुटली आहे, त्यांची भाकरी थापताना मोडते. ग्लुटेन नसल्याने ज्वारीच्या पिठाला आपापला चिकटपणा नसतो. तो गरम पाण्याने आणावा लागतो. उकळत्या पाण्याने पिठातील पिष्ट फुगते आणि तेच बांधणीचे काम करते. पीठ ताजे असावे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि ते कितीही मळले तरी फाटते. म्हणून महिन्याचे दळण एकदम आणू नये. आठ-दहा दिवसांपुरतेच आणावे. काठवटीत एका भाकरीपुरतेच पीठ तळहाताने रगडून मळावे, थापून तव्यावर टाकावे, वरच्या बाजूस लगेच पाणी फिरवावे आणि ते सुकण्याआधी उलटावे.

मुलाला ब्रेड हवा असेल तर

भाकरीने पोट भरते, पण शाळेतल्या डब्यात सर्वांसारखा ब्रेड हवा, हा मुलांचा हट्टही समजण्याजोगा असतो. तो घरी करता येतो.

साहित्य : ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम, तांदळाची पिठी १०० ग्रॅम, साबुदाणा बारीक दळून १०० ग्रॅम, इसबगोल २० ग्रॅम, कोरडे यीस्ट ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर १ चमचा आणि पाणी सुमारे ४२० मिलिलिटर.

कृती : गव्हाच्या ब्रेडमध्ये यीस्टने निर्माण केलेला वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो. येथे ते काम इसबगोल करते. म्हणून ३०० मिलिलिटर पाण्यात इसबगोल ढवळून दहा मिनिटे ठेवावे. त्याचा घट्ट लगदा होतो. उरलेल्या कोमट पाण्यात साखर व यीस्ट घालून फेस येऊ द्यावा. सर्व पिठे व मीठ एकत्र करून त्यात लगदा, यीस्टचे पाणी, तेल व लिंबाचा रस घालून चांगले कालवावे. हे पीठ पोळीच्या कणकेसारखे होत नाही. ते भज्यांच्या पिठाहून घट्ट आणि भाकरीच्या पिठाहून सैल असावे. तेल लावलेल्या, सुमारे ९ इंच लांब व ४ इंच रुंद भांड्यात ते दोन तृतीयांश भरेल इतके घालून ओल्या हाताने सारखे करावे. उबदार जागी पाऊण ते एक तास झाकून ठेवावे. ते एकदाच फुगवायचे; पुन्हा मळून दुसऱ्यांदा फुगवण्याची गरज नसते. त्यानंतर २०० अंश सेल्सिअसवर तापलेल्या ओव्हनमध्ये ५० ते ६० मिनिटे भाजावे.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात तळाला मिठाचा थर देऊन, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर भाजता येते. वेळ थोडा अधिक लागतो. ब्रेड पूर्ण थंड होण्यापूर्वी कापू नये, आतून चिकट राहतो. दुसऱ्या दिवसापासून तो कोरडा पडू लागतो. म्हणून काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे तव्यावर गरम करावेत.

हिशेब

भाव गावोगाव व रोज बदलतात. तरी रीत समजावी म्हणून एक उदाहरण. ज्वारी किलोला ५० रुपये, तांदळाची पिठी ६०, साबुदाणा ८०, इसबगोल १२००, यीस्ट ६०० आणि तेल १६० रुपये धरले, तर ज्वारी १०, पिठी ६, साबुदाणा ८, इसबगोल २४, यीस्ट ४, तेल ४ आणि साखर-मीठ १ असे ५७ रुपये होतात. दीड हजार वॉटचा ओव्हन तासभर चालल्यास जास्तीत जास्त दीड युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरल्यास ते १५ रुपये. एकूण ७२ रुपयांत साधारण पाऊण किलोचा ब्रेड हाती येतो.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ७२ पैकी २४ रुपये एकट्या इसबगोलावर जातात, म्हणजे तिसरा हिस्सा. त्यातील २०० ग्रॅम ज्वारी मात्र १० रुपयांची, आणि तेवढ्याच पिठाच्या दोन मोठ्या भाकरी होतात. थोडक्यात, महाग पडते ते धान्य नव्हे, तर गव्हाच्या ब्रेडची नक्कल. म्हणून रोजच्या जेवणाला भाकरी आणि आठवड्यातून एकदा ब्रेड, ही विभागणी खिशाला परवडणारी. थोडी तांदळाची पिठी पाण्यात शिजवून तिची खळ घातल्यास इसबगोल निम्म्यावर आणता येते; ब्रेड जरा दाट होतो इतकेच.

काटकसर कुठे करू नये

खरा धोका गिरणीत असतो. गहू दळलेल्या जात्यात ज्वारी टाकली, की गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, अशी मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घातली आहे. ही मात्रा इतकी सूक्ष्म आहे, की गिरणीतील चिमूटभर पीठही ती ओलांडू शकते. म्हणून पैसे खर्च करायचे तर ते महागड्या ब्रेडवर नव्हे, घरगुती चक्कीवर करावेत. माळ्यावर पडलेले दगडी जाते स्वच्छ करूनही वापरता येते. तेही शक्य नसेल, तर सकाळी गिरणी झाडल्यावर आधी किलोभर तांदूळ दळून घ्यावेत, ती पिठी घरातील इतरांसाठी वापरावी आणि मगच ज्वारी टाकावी. हा उपाय पूर्ण सुरक्षित नव्हे, पण धोका कमी करणारा आहे.

घरातही परात, तवा, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा हवा. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते; त्यामुळे वरणाच्या फोडणीतूनही गहू पोटात जातो. रवा, मैदा, दलिया, शेवया, माल्टयुक्त पेये आणि सोया सॉस यांच्यापासून दूर राहावे. पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय काहीही घेऊ नये. शाळेच्या पोषण आहारातील खिचडी तांदळाची असली, तरी तिच्यातील हिंग-मसाल्याची चौकशी करावी आणि मुलाच्या आजाराची कल्पना शिक्षकांना लेखी द्यावी. लग्नसमारंभात पंगतीला बसण्यापूर्वी घरून भाकरी नेण्यात संकोच वाटू देऊ नये.

पोषणाचाही विचार हवा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन हा घटक कमी पडतो. ती उणीव डाळ भरून काढते. भाकरीबरोबर जिल्ह्यातच पिकणाऱ्या तुरीचे वरण, हिरवी भाजी आणि लिंबाची फोड असे साधे ताट आतडे सावरणाऱ्या मुलाला पुरेसे बळ देते. पथ्य काटेकोर पाळल्यास बहुतेक मुलांची प्रकृती काही आठवड्यांत सुधारू लागते आणि खुंटलेली वाढ पुन्हा मार्गी लागते.

कोरडवाहू शेतात कपाशीच्या कडेने चार तास ज्वारीचे टाकले, तर घरच्या मुलाचे वर्षभराचे पथ्य आणि बैलांचा कडबा दोन्ही सुटतात. महागड्या पाकिटाची वाट पाहण्यापेक्षा ही पेरणी केव्हाही स्वस्त.