दिनविशेष : 30 जून – कॉर्व्हेट रस्त्यावर आली

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, फ्लिंट येथे 30 जून 1953 रोजी शेवरोलेची पहिली कॉर्व्हेट तयार झाली. त्या वर्षी हातांनी जुळवलेल्या गाड्या अवघ्या 300. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, बॉडी फायबरग्लासची. रूप देखणे, पण इंजिन सहा सिलिंडरचे, 150 अश्वशक्तीचे आणि ऑटोमॅटिक गिअर दोनच. स्पोर्ट्स कारचा नुसता थाट!

खरा दम आला तो 1955 च्या व्ही-8 इंजिनाने : 195 अश्वशक्ती. अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी तिला शर्यतीचे वळण लावले. 1957 मध्ये फ्युएल इंजेक्शनमुळे आकडा 283 वर गेला. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, अश्वशक्ती मोजण्याची पद्धतही बदलली आणि 1975 ची साधी कॉर्व्हेट 165 वर आली.

इंजिन आसनांमागे बसवावे, हा डंटोव्ह यांचा ध्यास. तो पुरा व्हायला 2019 उजाडले. (आपल्या मोटार-डिझायनर दिलीप छाब्रियांची ‘अवंती’ ही गाडी 2012 मध्येच तशी होती; ताकद मात्र 250 च्या आसपास.)

नेवासा फाट्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्यांना ही थट्टाच वाटेल, पण कॉर्व्हेटची नवी झेडआर-1 आहे 1,064 अश्वशक्तीची आणि तिचा कमाल वेग ताशी सुमारे 375 किलोमीटर.