दिल्लीच्या रखवालीचा ऐवज : १७५२ ते १८०३

अठराव्या शतकाच्या मध्यास मोगल बादशाहीचे लष्करी खाते नावाने शाबूत होते. वजीर होता, फौजेच्या नेमणुका आणि पगार पाहणारा मीरबक्षी होता, शाही तोफखानाही होता. नव्हता तो या फौजेस वेळेवर पगार देणारा खजिना. म्हणून दिल्ली दरबाराने राजधानीच्या रक्षणाचे काम मोबदला ठरवून बाहेरच्या सत्तेकडे सोपविले, आणि ते काम पत्करणारी सत्ता मराठ्यांची होती. मराठी इतिहासलेखनात या व्यवहाराची चर्चा बहुधा पराक्रमाच्या किंवा हिंदुस्थानच्या रक्षणकर्तव्याच्या अंगाने झाली आहे. प्रस्तुत निबंधात तो ऐवजाच्या अंगाने पाहावयाचा आहे. रक्षणाचा मोबदला किती ठरला, तो कोठून यावयाचा होता आणि तो न आल्याने काय घडले, हे प्रश्न विचारले की पानिपतपासून पटपडगंजपर्यंतच्या घटनांची एक वेगळी संगती लागते.

१७५२ च्या आरंभी अहमदशहा अब्दालीने पंजाब जिंकला. भयभीत झालेल्या बादशहा अहमदशहाने वजीर सफदरजंगास मराठी फौज घेऊन त्वरेने दिल्लीस येण्याची आज्ञा केली. त्यानुसार एप्रिल १७५२ मध्ये वजीर आणि पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांच्यात करार झाला. मराठ्यांनी बादशहाचे अंतर्गत आणि बाह्य शत्रूंपासून रक्षण करावे. त्याबद्दल त्यांना ५० लाख रुपये मिळावेत, पैकी ३० लाख अब्दालीच्या निवारणाबद्दल आणि २० लाख अंतर्गत शत्रूंच्या बंदोबस्ताबद्दल. याखेरीज पंजाब, सिंध आणि अंतर्वेदीची चौथ व आग्रा आणि अजमेर या सुभ्यांची सुभेदारी पेशव्यांस देण्याचे ठरले.

या कलमांतील विसंगती ध्यानात घेणे अगत्याचे आहे. रोकड रक्कम देण्यास खजिन्यात पैसा नव्हता. चौथ ज्या पंजाबची नेमून दिली, तो प्रांत सफदरजंग दिल्लीस पोहोचण्यापूर्वीच बादशहाने अब्दालीच्या वकिलास मान्यता देऊन सोडून दिला होता. अजमेर सुभ्यात राजपूत राजांचे आणि आग्रा सुभ्यात जाटांचे बळ होते. अर्थात, जे हाती नव्हते तेच मोबदला म्हणून लिहून देण्यात आले. रक्षकाला आपला मोबदला प्रथम तिसऱ्याकडून जिंकून घ्यावयाचा होता, आणि तो जिंकण्यासाठी ठेवावयाच्या फौजेचा खर्च पुन्हा त्याच मोबदल्यातून भागवावयाचा होता. ठरावाप्रमाणे मराठी फौज दिल्लीजवळ आली, तेव्हा जिच्यासाठी तिला बोलावले ती लढाई उरली नव्हती. तिचे देणे मात्र उरले होते. राजधानीच्या आसपासच्या गावांना या थकलेल्या देण्याची झळ लुटीच्या रूपाने सोसावी लागली.

१७५८ मध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरपर्यंत आणि त्यापलीकडे गेल्या, परंतु मोहिमेने पुण्याच्या खजिन्यावर कर्जाचा बोजा वाढविला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले, तेव्हा ही अडचण पराकोटीस पोहोचली होती. भाऊंनी अंतर्वेदीतील वसुलीचा ऐवज पाठविण्याविषयी गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीचा किल्ला हाती आल्यावर दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली आणि त्यातून सुमारे नऊ लाख रुपये उभे राहिले. ज्याच्या रक्षणाचा ठराव केला, त्याच्याच दरबारी दालनाचे छत रक्षकांच्या पगारात गेले. त्या रकमेने फौजेचे थोडेच दिवस निभावले. डिसेंबरमध्ये आजच्या गाझियाबाद परिसरात गोविंदपंत मारले गेले आणि रसदेचा व पैशाचा एक महत्त्वाचा मार्ग खुंटला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जी फौज उभी राहिली, ती उपासमारीने गांजलेली होती.

या घटनांचे लेखन तीन निराळ्या भाषांत आणि निराळ्या वाङ्मयप्रकारांत झाले, ही बाब तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. फारसी फर्मानाची भाषा अनुग्रहाची असते. त्यात बादशहा देणेकरी म्हणून दिसत नाही, तो कृपा करून अधिकार बहाल करीत असतो. पेशव्यांचे वकील हिंगणे आणि उत्तरेतील सरदार यांच्या मराठी पत्रांत मात्र करार, ऐवज, हुंडी, बाकी, कर्ज या शब्दांचा राबता आहे. बखरकाराच्या हाती तीच हकीकत दैव, मान आणि अपमान यांच्या कथेत परिणत होते आणि हिशेब मागे पडतो. या तीन भाषांचा विलक्षण संगम पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध सावकारी चिठ्ठीत आढळतो. पेशव्यांच्या हाती पडलेल्या त्या चिठ्ठीत पडलेल्या माणसांची मोजदाद मोती, मोहरा आणि नाणी यांच्या संकेताने केलेली होती. पिढ्यानपिढ्या तिचे वाचन शोकाचे रूपक म्हणून झाले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि ती सावकाराच्या पेढीची रोजची भाषा होती, आणि ज्या उद्योगात माणसे पडली तो आरंभापासून याच भाषेत लिहिला गेला होता, हेही विसरता येत नाही.

पानिपतानंतर हा व्यवहार थांबला नाही. १७८४ च्या अखेरीस शाह आलमने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांस देऊन महादजी शिंद्यांना त्यांचे नायब नेमले. बादशहाच्या खासगी खर्चासाठी दरमहा ६५,००० रुपये द्यावयाचे ठरले. येथे देण्याघेण्याची दिशा उलटलेली दिसते : रक्षणाची किंमत मोजणारा आता रक्षकाकडून नेमणूक घेऊ लागला. परंतु फौजेच्या पगाराचे कोडे सुटले नव्हते. १७८७ च्या लालसोट मोहिमेत पगार थकलेल्या शाही पलटणी तोफांसह शत्रूस मिळाल्या. महादजींची पकड सैल होताच गुलाम कादिरने दिल्ली घेतली आणि ऑगस्ट १७८८ मध्ये वृद्ध बादशहाचे डोळे काढले.

महादजींनी काढलेला तोडगा म्हणजे दुसरा ठेका होय. १७८४ मध्येच त्यांनी बेन्वा द ब्वान्य या साव्हॉयच्या सेनानीस दोन पलटणी उभारण्यास सांगितले होते. दर शिपायामागे दरमहा आठ रुपये द ब्वान्यला मिळत. त्यांतून तो शिपायास साडेपाच रुपये देई आणि उरलेल्या रकमेत अधिकारी व सामग्री यांचा खर्च भागवी. पुढे कंपू वाढले तेव्हा त्यांच्या खर्चासाठी अलीगढभोवतीच्या अंतर्वेदीतील मुलूख त्याला जायदाद म्हणून तोडून देण्यात आला. पगार नियमित झाला आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे विजय मिळाले. मात्र बादशहा, पेशवा, शिंदे, द ब्वान्य आणि शिपाई अशी साखळी तयार झाली, आणि वसुलीची किल्ली साखळीच्या चौथ्या कडीच्या हाती गेली.

इटलीतील पंधराव्या शतकाचा अनुभव येथे आठवतो. तेथे पगारी सेनानायकाचे नावच 'कोंदोत्ता' म्हणजे करार या शब्दावरून पडले आणि मॅकियाव्हेलीने 'द प्रिन्स' मध्ये अशा फौजांवरील विश्वासास धोक्याचे मूळ मानले. मराठीने हा अनुभव शब्दार्थांत साठविला आहे. 'गारदी' म्हणताच १७७३ मध्ये शनिवारवाड्यात झालेला नारायणरावांचा खून डोळ्यांपुढे येतो. कवायती फौजेस लावलेला 'कंपू' हा शब्द आज आपापला स्वार्थ पाहणाऱ्या टोळक्यास लावला जातो.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने वर्तुळ पुरे झाले. १७५२ मध्ये दुसऱ्याच्या रक्षणाचे काम घेणाऱ्या पेशवाईने आता स्वतःच्या रक्षणासाठी इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख लावून दिला. इंग्रजांनी घेतलेला मुलूख प्रत्यक्ष वसुलीचा होता. १७५२ च्या कराराशी तुलना करता हा फरक निर्णायक ठरतो. पुढील वर्षी शिंद्यांशी युद्ध जुंपताच गव्हर्नर-जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील अधिकाऱ्यांना फोडले. द ब्वान्यचा उत्तराधिकारी पेराँ सप्टेंबर १८०३ च्या आरंभीच इंग्रजांच्या आश्रयास गेला. ११ सप्टेंबर रोजी यमुनेच्या पूर्व तीरावर पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांचे कंपू मोडले आणि जनरल लेक दिल्लीत शिरला. तरीही १ नोव्हेंबर रोजी अलवर प्रदेशातील लासवारी येथे याच कंपूंचे शिपाई युरोपीय अधिकारी नसतानाही असे झुंजले, की लेकलाच त्यांच्या शौर्याची वाखाणणी करावी लागली. ठेका घेणारे निघून गेले होते. साडेपाच रुपयांचा शिपाई जागेवर होता.

पटपडगंजच्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फ मैदानात उभा आहे आणि तो विजेत्यांचा आहे. लासवारीच्या शिपायांची कथा मराठी बखरीस सांगता आली नाही, कारण तिला नायक लागतो आणि हे शिपाई हजेरीपटावरील नावे होती. दिल्लीच्या रक्षणाचा मराठी इतिहास पुरा करावयाचा तर बखरीइतकेच या हजेरीपटांचे, हुंड्यांचे आणि बाकीच्या यादींचे वाचन वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आपले मानले पाहिजे.